मिरची भिजू द्यावी

२ सप्टेंबर
शाळेतून येताना तालुक्याच्या शेती कार्यालयातल्या कुवर मॅडमचा फोन. शेतीवरच्या आपत्तींसाठी केंद्राचा जो राष्ट्रीय आराखडा आहे, तो नव्याने लिहिला जातो आहे. दुष्काळ, गारपीट, वादळ, टोळधाड, सगळं त्यात. प्रत्येक जिल्ह्याचं एक प्रकरण. दिल्लीचे दोन साहेब नंदुरबारला बैठक घ्यायला येणार आहेत. मिरची वाळवणाऱ्यांपैकी कोणी तरी हवं.
"तुमच्या समोरचे हिरालालशेठ नाही म्हणाले. तुमचं नाव मीच सुचवलं. राग मानू नका."
राग कसला. पण मी पथारीवाला नाही. मी शाळेत प्रयोगशाळा सहायक. पथारी बायकोची, मंगलची होती. घरची आणि आजूबाजूच्या शेतांतली ओली लाल मिरची ती विकत घ्यायची, गोदामासमोरच्या मोकळ्या जमिनीवर पसरून वाळवायची, देठ काढून पोत्यांत भरायची. वीज पडून ती गेली तेव्हापासून तिथे गवत आहे.
माय म्हणाली, "कोना फोन व्हता?"
सांगितलं. 

५ सप्टेंबर
मॅडमनी मसुदा मोबाईलवर पाठवला. शाळेच्या प्रिंटरवर काढला. मन लावून लिहिलेला वाटला. पाण्याचा ताण, चारा, पर्यायी बियाणं, कोणी कोणाला कळवायचं.
अवकाळी पावसाच्या पानावर मध्येच दोन ओळी. पहिली: सूचना मिळताच काढणी केलेला शेतमाल ताडपत्रीने झाकावा. दुसरी, बरीच खाली: विजा चमकत असताना मोकळ्या जागी थांबू नये.
दोन्ही बरोबर. तशाच दोन ओळी गेल्या नोव्हेंबरातही मोबाईलवर आल्या होत्या. मंगलने पहिली वाचली आणि ताडपत्री घेऊन पळाली. कामाच्या बायाही सगळ्या पळाल्या.
शेतातला माणूस गडगडाट ऐकून घराकडे पळतो. पथारीवरचा माणूस घरातून मोकळ्यावर पळतो. हे दिल्लीला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

१० सप्टेंबर
आठवीला स्थितिविद्युत. सरांनी काचेची कांडी, रेशीम, कागदाचे कपटे काढून ठेवायला सांगितले. ठेवले. तास सुरू झाल्यावर बाहेर येऊन उभा राहिलो. कडुनिंबाखाली सायकली सरळ करत बसलो.

१५ सप्टेंबर
अविधवा नवमी. पहिलीच. मायने सगळं तिच्या हाताने केलं. शेजारच्या काकूंना सवाष्ण म्हणून बोलावलं. पानात हिरव्या मिरचीचा ठेचा वाढताना मायचा हात थांबला, मग वाढला. मं. तिखट खाऊन हसायची, पाणी प्यायची नाही.
लोकांसमोर बरा राहिलो.

१८ सप्टेंबर
बैठक. कलेक्टर ऑफिसचा वरचा हॉल. शहाद्याच्या एका बागायतदाराने वाऱ्याने आडव्या झालेल्या केळीबद्दल चांगलं सांगितलं, फोटो दाखवले. सगळ्यांनी लिहून घेतलं. मग मॅडमनी माझ्याकडे हात केला.
उभा राहिलो. घरी पाठ केलेलं सगळं गेलं. एवढंच म्हणालो की या दोन ओळींची अदलाबदल करा, आणि मध्ये एक वाक्य घाला. गडगडाट ऐकू आल्यावर पथारीवर जाऊ नये, मिरची भिजू द्यावी.
मागे कोणी तरी हसलं. जिल्ह्याचे एक साहेब म्हणाले, "अहो, शासन शेतमाल वाचवा म्हणतं. भिजू द्या असं कागदावर कसं लिहायचं?"
दिल्लीचे मोठे साहेब हसले नाहीत. चष्मा काढून विचारलं, "आपके घर में कोई...?"
"पत्नी."
सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. मला ते नको होतं. माझं वाक्य तिच्यामुळे लिहू नये, बरोबर आहे म्हणून लिहावं.
मग ते म्हणाले, "लिख तो देंगे। लिखना आसान है। लेकिन आपके यहाँ माल खुला छोड़कर कोई रुकेगा?"
मी मसुद्याच्या कागदाची घडी करत राहिलो.
"जनवरी में इसे पूरा करना है। तब तक देखकर बताइए।"
येताना बसमध्ये तोच प्रश्न. रागावलो नाही त्यांच्यावर. नीट विचारलं त्यांनी.

२५ सप्टेंबर
मायला सांगितलं की या हंगामात पथारी उघडणार. पुढचंही सांगितलं, नियम काय असणार ते.
चूल सारवत होती. हात तसाच ठेवून म्हणाली, "ज्या मिरचीसाठे तिनी जीव दिना, ती तू भिजाडशी?"
 जेवण मात्र वेळेवर वाढलं.
तिचं म्हणणं मला समजतं. मिरची भिजली तरी चालतं असं ठरवलं, की मं. कशासाठी गेली हा प्रश्न उरतो. मी तो तसाच बाजूला ठेवला आहे. आधी पथारी.

१२ ऑक्टोबर, रविवार
खापरला गेलो. रुमलीबाईला भेटायला. तिचं गाव वर डोंगरात, बाजाराला इथे उतरते. दर हंगामाला सहा बाया घेऊन आमच्याकडे यायची, गोदामाच्या पडवीत मुक्काम. गेल्या वर्षी त्या दिवसानंतर सगळ्या निघून गेल्या, हिशोबालाही थांबल्या नाहीत.
बसस्टँडसमोर चहा घेतला. पहिल्यांदाच विचारलं, त्या दिवशी नक्की काय झालं.
म्हणाली, झाकून झालं होतं. सगळ्या गोदामाकडे निघाल्या होत्या. ताडपत्रीचा एक कोपरा उडाला. "बाई फिरी गई. मी दगड लेवाले गई व्हती, नही ते मीच जाती."
एक कोपरा.
मग मी माझं सांगितलं. गडगडलं की मी घमेलं वाजवणार, ते वाजलं की हातातलं टाकून गोदामात. कोणीही परत फिरायचं नाही. मिरची भिजली तर भिजली.
"आभाळ गरजनं ते बसी जावानं. मंग रोजना पैसा?"
"पूर्ण."
"मिरची काळी पडनी तरी?"
"तरी."
मी कागदावर लिहून नेलं होतं, सही करून. तिने हात लावला नाही. "कागद नको दाखाडू, भाऊ. बायासमोर बोल. त्या ऐकतीन, मंग दखू."
निघताना म्हणाली, बाई असती तर असं बोलली नसती. खरं आहे. मं. मिरचीला लेकरासारखी जपायची.

२३ ऑक्टोबर
दिवाळी केली नाही. पणती एक, दारात. मायनेच लावली.

२८ ऑक्टोबर
गवत काढलं, जमीन पाणी मारून रोलरने दाबली. जागेचे लहान वाफे आखले. आधी एक मोठं पटांगण होतं, एकाच भल्या मोठ्या ताडपत्रीचं. आता प्रत्येक वाफ्याच्या डोक्याशी त्याची ताडपत्री गुंडाळून, वाळूच्या पिशव्या शेजारी. सूचना आली की सकाळीच, आभाळ स्वच्छ असतानाच झाकायला सुरुवात. गडगडाटानंतर काहीच नाही.
रोज संध्याकाळी ढीग करून झाकणं जमत नाही. ओली मिरची ढिगात तापते, रंग जातो. पहिले काही दिवस तिला पसरूनच ठेवावं लागतं. तेच दिवस धोक्याचे.
रस्त्यापलीकडे हिरालालशेठची पथारी, आमच्या दहापट. कमरेवर हात ठेवून बघत होते.
"दिलीपभाऊ, ह्या काय आखी ऱ्हायना? खो-खोनं मैदान?"
सांगितलं. हसले. पण मं. गेली त्या दिवशी सगळ्यात आधी दवाखान्यात तेच आले होते, हे विसरता येत नाही.

६ नोव्हेंबर
रुमलीबाई आली, सहा जणींसह. त्यांच्यासमोर बोललो. मला बोलता येत नाही, तरी बोललो. रुमलीबाईने त्यांच्या बोलीत सगळं परत सांगितलं. माझ्यापेक्षा कमी शब्दांत.
पहिली मिरची पडली. वर्षाने ती जमीन लाल झाली. बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती.
मग तालीम. मी लोखंडी घमेल्यावर सळई मारली. आणि काय, सातही जणी ताडपत्रीकडे पळाल्या! सवय. गोदामाच्या दारात मी एकटा उभा.
"भाऊनं आभाळ गरजनं!" एक जण म्हणाली आणि सगळ्या हसून हसून खाली बसल्या.
पुन्हा वाजवलं. अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे. पुन्हा. चौथ्या वेळी सगळ्या गोदामात. एकीच्या काखेत ताडपत्री होतीच.
माय पडवीत खाटेवर बसून देठ काढत होती. तिच्या तोंडावर पदर होता. खांदे हलत होते. आधी घाबरलो. हसत होती.
पलीकडून शेठ ओरडले, "तू मिरची वाळाडी ऱ्हायना का बायासनी शाळा भराडी ऱ्हायना?"
रुमलीबाई त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शेठ, तुम्ही बी या. पयली यत्तामा जागा शे."

१९ नोव्हेंबर
सकाळी मोबाईलवर सूचना: दुपारनंतर मेघगर्जनेसह पाऊस. रजा टाकली. दुपारपर्यंत सगळे वाफे झाकले, पिशव्या ठेवल्या, गोदामात बसलो. ऊन पडलं. दिवसभर कडक ऊन. संध्याकाळपर्यंत एक ढग नाही.
ताडपत्रीखाली दोन वाफे घामेजले. रंग थोडा उतरला.
शेठची सगळी मिरची उन्हात खडखडीत. "काय भाऊ, सरकारना पाऊस कोठे गया?"
मॅडमना फोन केला, तक्रार म्हणून नाही. त्या म्हणाल्या, "पाऊस शिरपूरकडे पडला, भाऊ. सूचना एवढ्या बारीक जागेची येत नाही अजून. तेही आराखड्यात मागितलंय आम्ही."
बाया माझ्याकडे न बघता ताडपत्र्या गुंडाळत होत्या. आपण चुकलो असं त्यांना वाटत असावं. रोज दिला, पूर्ण.

२१ नोव्हेंबर
आज मायने विचारलं, असं किती वेळा करणार. म्हणालो, जितक्या वेळा सूचना येईल तितक्या वेळा. ती म्हणाली, "मं.सारखाच हट्टी व्हई गया तू." तिने मंगल म्हटलं खरं. मी लिहिताना मं. लिहितो.

२९ नोव्हेंबर
वर्षश्राद्ध झालं. गुरुजी, चार भावबंद, तिची बहीण. रुमलीबाई सकाळी अंगणाच्या कडेला येऊन बसली, आत ये म्हटलं तर आली नाही. मायने तिचं पान बाहेर नेलं आणि तिच्याशेजारी बसून स्वतःही तिथेच जेवली. नातेवाईक बघत राहिले.
पथारी बंद नव्हती. बंद ठेवावी का विचार केला होता. ठेवली नाही.

७ डिसेंबर, रविवार
नीट लिहून ठेवायला हवं.
आज सूचना नव्हती. सकाळी उकडत होतं, वारा पडलेला. तीन वाजता गुजरातच्या बाजूने आभाळ काळं आलं, अंगावर आल्यासारखं. गडगडाट अजून नव्हता. झाकायला सुरुवात केली. सगळ्या जणी आणि मीही. लहान वाफ्यांचा उपयोग झाला, एकेक चटकन होत होता. शेवटची ओळ राहिली होती, आमच्या स्वतःच्या शेतातली मिरची, तिसऱ्या दिवसाची, सगळ्यात चांगल्या रंगाची.
गडगडलं. लांब, पण स्पष्ट.
मायने घमेलं वाजवलं. ते काम तिला मी दिलं नव्हतं. तिनेच घेतलं.
बायांनी हातातल्या पिशव्या तिथेच टाकल्या आणि गोदामाकडे गेल्या. एकही मागे वळली नाही. काखेत ताडपत्रीही नाही.
मी मात्र त्या ओळीकडे निघालो होतो. ठरवून नाही. पाय निघाले. ताडपत्री हातात होती, दोन मिनिटांचं काम, असं काहीतरी डोक्यात.
"भाऊ! वाजनं! फिर मांगे!"
रुमलीबाई. मी थांबलो नाही. मग ती स्वतः दारातून बाहेर आली आणि माझ्या शर्टाची मागची बाजू धरून मला ओढत नेलं. बाहेर यायला लागलं तिला, माझ्यामुळे. ते बरं झालं नाही.
गोदामात पोत्यावर बसवलं. माय माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.
दारातून समोर पाऊस. शेवटची ओळ उघडी. मिरचीवर पाऊस पडतो तेव्हा आवाज वेगळा येतो, कोरडा, मग हळूहळू येईनासा होतो.
रस्त्यापलीकडे शेठची माणसं अजून ताडपत्र्या ओढत होती. आमच्या बायांनी दारातून आरोळ्या मारायला सुरुवात केली. मायने घमेलं सोडलं नाही, वाजवतच राहिली. आधी तिकडच्या दोघी पळत इकडे आल्या. मग चार. मग बाकीचे. शेवटी स्वतः शेठ, चिंब, चिडलेले. "मन्ही निम्मी मिरची उघडी शे अन् तुम्ही घमेलं वाजाडतस!"
मायने त्यांना टॉवेल दिला. "बठ, हिरालाल. डोकं पूस."
ते बसले.
पाऊस तासाभराने थांबला. वीज कुठेच पडली नाही. इथे नाही, आसपासच्या गावांतही नाही. मी चौकशी केली.
म्हणजे गेलो असतो तरी काही झालं नसतं, आणि ती ओळ वाचली असती. हेही लिहून ठेवतो.

८ डिसेंबर
शेवटची ओळ गेली. वरून पाणी, खालून ओल. कडेची मिरची आत्ताच काळी पडते आहे, आंबूस वास. बाकी सगळी वाचली.
शेठनी जास्त गमावली. आज मैदान म्हणाले नाहीत, शाळा म्हणाले नाहीत.
मी फावड्याने ती ओळ उचलून टाकायला निघालो. माय काठी टेकत आली. एक ओली मिरची उचलली, चिमटीत दाबली, उलटसुलट बघितली.
"टाकू नको. ऱ्हाऊ दे. वाळाड. घरमा चाली जाई."
तिने स्वतः जुन्या साडीवर ती पसरली, पडवीत. साडी मं.ची होती. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

१४ डिसेंबर
मॅडमचा फोन. जिल्ह्याचा मसुदा पुढे जातो आहे. ओळींची अदलाबदल मान्य झाली. माझं वाक्य मात्र बदललं. आता असं आहे: "आपत्कालीन परिस्थितीत शेतमालाच्या तुलनेत जीवितरक्षणास प्राधान्य देण्यात यावे."
"अर्थ तोच आहे ना, भाऊ?"
म्हणालो, विचार करून सांगतो.
संध्याकाळी रुमलीबाईला वाचून दाखवलं. तिने ऐकलं. "हाई कोनले सांगेल शे?"
"तुम्हाला."
"माले?" ती हसली, मग थांबली. "मिरचीनं नाव ते घ्या त्यामा."
तिला विचारलं, तिने बायांना पहिल्या दिवशी नेमकं काय सांगितलं होतं. तिने त्यांच्या बोलीत म्हणून दाखवलं. चार-पाच शब्द. आपल्या अक्षरांत नीट उतरत नाहीत, तीनदा म्हणायला लावलं. ती म्हणाली, भाऊ, तुमची शाळा बरी नाही.

१६ डिसेंबर
मॅडमच्या कार्यालयात गेलो. म्हणालो, वाक्य माझंच ठेवा. मिरची, पथारी, गडगडाट, हे तीन शब्द हवेतच. आणि ते डोंगरातल्या बोलीतही छापा, तिथून येणाऱ्या बसमध्ये लावा.
त्यांनी पेन खाली ठेवलं. "वरचे म्हणतील, राष्ट्रीय आराखड्यात एका जिल्ह्याची मिरची कशी?"
"मग प्रत्येकाने आपापलं घालावं. कुठे बेदाणा असेल, कुठे मासळी असेल. जे वाळत घालतात ते सगळे मोकळ्यावरच पळत असतील."
त्यांनी पेन परत उचलून ते लिहून घेतलं. "हे बैठकीत का नाही बोललात?"
तेव्हा सुचलं नव्हतं.
"पाठवते. होईल की नाही सांगता येत नाही. मोठ्या साहेबांनी तुम्हाला काही विचारलं होतं, त्याचं उत्तर सोबत द्या."

२१ डिसेंबर, रविवार
उत्तर लिहिलं. तीन वेळा लिहिलं, दोन कागद फाडले. शेवटचा असा:
महोदय, आपण विचारलं होतं की माल उघडा टाकून कोणी थांबेल का. सात बाया थांबल्या. पलीकडच्या पथारीवरचे उशिरा का होईना आले. एकाला शर्ट धरून ओढून आणावं लागलं, तो मी. त्या दिवशी वीज पडली नाही. माझी थोडी मिरची गेली. तरी वाक्य लिहावं ही विनंती, आणि सोपं लिहावं. ऐन वेळी विचार करायला कोणाला वेळ नसतो, मलाही नव्हता.
खाली सही. हुद्दा काय लिहावा कळेना. प्रयोगशाळा सहायक लिहिलं, मग खोडून पथारी चालक लिहिलं.
दुपारी शेठ आले. खाटेच्या कडेला टेकले. मायशी गुडघ्यांबद्दल बोलले, मिरचीच्या भावाबद्दल बोलले. उठताना, माझ्याकडे न बघता: "तुमनं घमेलं मन्हा शेवटला कोपरापर्यंत ऐकू येत नही."
"मग तुम्ही तुमचं आणा."
"वाजाडी कोन?"
माय म्हणाली, "तुन्ही बायको. तिना आवाज बी मोठा शे."
गेले हसत. आणतील की नाही माहीत नाही.
आत्ता सूचना आली. उद्या दुपारनंतर, विजांसह. खरी निघते की शिरपूरला जाते, बघू. नवी मिरची कालच पसरली आहे, चांगल्या रंगाची. रुमलीबाईला सांगितलं, सकाळी उजाडताच सुरुवात.
ती म्हणाली, "अन् भाऊ, तू दरवाजाजोडे उभा ऱ्हाजो. आतल्या बाजूले."